निळ्या दिव्याशिवायचं स्वप्न

सहदेव मनात डूख धरून बसला आहे, असं पोलादपुरात कोणाला सांगितलं असतं तर सांगणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं. अंगानं बारीक, बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघणारा हा माणूस महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा आणि येता-जाता बसच्या खिडकीशी बसून स्वतःशीच पुटपुटायचा. पुटपुटायचा ते नाटकातले संवाद. मे महिन्यात मुंबईकर गावी उतरले की डोंगरातल्या वाडीवाडीत पूजा घालतात, आणि पूजेला नाटक लागतंच. ती नाटकं सहदेव लिहून द्यायचा. त्यात दोन भाऊ असायचे, एक दुष्ट मामा असायचा, आणि शेवटच्या अंकात वकील हटकून यायचा. लोकांना तेच हवं असायचं, आणि सहदेवचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

त्याची स्वतःची वाडी वर, कुडपणच्या रस्त्याच्या अंगाला. वाडीचं नाव इथं लिहीत नाही. तिथली माणसं वाचतात, आणि नाव न लिहिताही ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. ह्या वाडीचा म्होरक्या भिकू. गावकीत शब्द त्याचा, देवळाची किल्ली त्याच्याकडे, आणि नाटकात मुख्य भूमिकाही त्याचीच. केस पिकले, गुडघे गेले, तरी लग्नाळू नायक तोच करायचा आणि नायिकेच्या बापापेक्षा थोराड दिसायचा. पण त्याच्या तोंडावर हसायची कोणाची छाती नव्हती.

ह्या भिकूला आपल्या नव्या घरापर्यंत गाडी न्यायची होती, आणि मध्ये सहदेवच्या आईचं, सुंदराबाईचं, नाचणीचं रान आडवं येत होतं. ती नाही म्हणाली. गोड बोलून झालं, डोळे वटारून झालं, ती नाहीच म्हणाली. मग एका संध्याकाळी गावकी बसली आणि सुंदराबाईचं घर वाळीत पडलं. कायद्यानं असं करता येत नाही हे गावकीलाही ठाऊक होतं, म्हणून कागदावर काहीच आणलं नाही. त्या घराशी कोणी बोलायचं नाही, एवढंच ठरलं. सुंदराबाई विहिरीवर गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. शेजारची ठकूबाई, जिच्या बाळंतपणात सुंदराबाई तिच्या उशाशी बसून राहिली होती, तीसुद्धा कुंपणाशी आली की मान वळवून कोंबड्यांशी बोलायची.

तक्रार कर म्हणून सहदेवला कारखान्यातल्या सोबत्यांनी पुन्हापुन्हा सांगितलं. आईनं त्याला अडवलं. म्हणाली, नको रे, ह्याच माणसांच्या खांद्यावरून जायचं हाय मला.

त्याच वर्षी ती गेली. सकाळची वेळ होती. सहदेव दारोदार फिरला, एकेकाला नाव घेऊन हाका मारल्या. दारं आतून लावलेली होती. आत टीव्ही चालू होते, एका घरातून फोडणीचा वास येत होता, आणि एकानंही ओ दिली नाही. भिकू त्याच्या आधीच घरोघर जाऊन सांगून आला होता, खांदा द्यायला कोणी जायचं नाही. शेवटी खालच्या गावच्या बौद्धवाडीतले दोघं, सहदेवच्या पाळीतलेच, काम टाकून वर आले. ते दोघं, महाडहून आलेला मेहुणा आणि स्वतः सहदेव, असे चौघं कसेबसे जमले. मुलानं पुढं धरायचं मडकं सहदेवच्या बायकोनं, उज्वलानं, धरलं. घाटीवरून उतरताना दोन्ही बाजूंच्या घरांतून कोणी डोकावलंसुद्धा नाही.

पुढं तालुक्याहून कोणी चौकशीला येणार अशी कुणकुण लागली, तसा भिकूनं सहदेवला देवळात बोलावून नारळ फोडला. झालं गेलं विसरायचं ठरलं. ठरवलं भिकूनं, विसरायचं सहदेवनं. सहदेव मान हलवून आला आणि पोलादपुरात भाड्याची खोली घेऊन राहिला. वाडीला नाटक मात्र तो दरवर्षी लिहून देत राहिला. लोक म्हणाले, केवढं मोठं मन. मोठं मन कसलं, तो टपून बसला होता.

आता हौशी नाटकाची एक गंमत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. ह्या नटांच्या निम्म्या तालमी मुंबईत कोणाच्या तरी खोलीवर होतात, आणि उरलेल्या निम्म्या होतच नाहीत. मग सगळा भार पडतो विंगेत उभ्या असलेल्या माणसावर. तो पुढचं वाक्य दबक्या आवाजात सांगतो आणि नट ते खणखणीत म्हणतो. इतर नट निदान अर्धं तरी पाठ करायचे. भिकू एक अक्षर पाठ करायचा नाही, त्याला तो कमीपणा वाटायचा. प्रॉम्प्टिंगला सहदेव. एका वर्षी विंगेत पायाशी विंचू निघाला, तसा सहदेव शेजारच्याला हळूच म्हणाला, विंचू हाय, चप्पल दे. इकडे रंगमंचावर भिकूनं नायिकेचा हात हातात घेतला आणि तितक्याच प्रेमानं म्हणाला, "विंचू हाय, चप्पल दे." माणसं हसून गडबडा लोळली. सहदेवला हसू आलं नाही. आपण जे सांगू ते हा माणूस सगळ्या गावासमोर म्हणतो, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

भिकूच्या तोंडून त्याला एकच वाक्य वदवून घ्यायचं होतं. सुंदराबाईला खांदा द्यायला कोणी जायचं नाही असं मीच सांगितलं होतं, हे वाक्य. ते भर सभेत, माइकवर, मुंबईकरांच्या पोराबाळांसमोर. पण नाटकाचा विषय आधी गावकीला ऐकवावा लागतो, आणि वाळीत टाकण्याचं नाटक भिकूनं उभं राहू दिलं नसतं. स्वप्नाला मात्र कोणी आडकाठी घेत नाही. स्वप्नात काय वाटेल ते चालतं. म्हणून सहदेवनं ठरवलं की ह्या वर्षीचा नायक म्हातारा असेल आणि त्याला, म्हणजे भिकूला, दुसऱ्या अंकात एक स्वप्न पडेल.

इथं त्याचं घोडं अडलं. आपल्या नाटकातलं स्वप्न कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. नायक खाटेवर आडवा होतो, पेटीवाला सूर धरून ठेवतो, निळा दिवा लागतो, धुपाटणं फिरवतात, पांढऱ्या साडीत कोणीतरी येऊन खोल आवाजात चार शब्द बोलतं, आणि नायक दचकून उठत म्हणतो, हे तर स्वप्न होतं. निळा दिवा लागला की प्रेक्षकही उठतात आणि वडापावच्या गाडीवर जातात. स्वप्नात जे होईल त्यानं पुढं काही बिघडत नाही हे त्यांना अनुभवानं कळलेलं असतं. भिकूची फजिती वडापावच्या गाडीवर उभ्या असलेल्या लोकांसमोर करून सहदेवला काय मिळणार होतं?

पहिलं स्वप्न त्यानं रागाच्या भरात लिहिलं. त्यात कवट्या होत्या, रक्ताची नदी होती, म्हाताऱ्याला गिधाडं टोचत होती आणि वरून शापवाणी होत होती. लिहिताना त्याला फार बरं वाटलं. उज्वलाला वाचून दाखवलं, तर ती भाकरी थापता थापता हसायला लागली. म्हणाली, "अवो, हा सपान भिकूतात्यांना पडलेला नाय. त्यांना पडावा असा तुमाला वाटतंय." सहदेव चिडला. दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. पण बोच राहिली ती राहिलीच.

उज्वलाला रोज स्वप्नं पडायची आणि ती सकाळी चुलीपुढं सांगायची. इतकी वर्षं सहदेवनं ती ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडली होती. आता तो कान देऊन ऐकू लागला. तिच्या स्वप्नात गिधाडं नसायची. तिचे वारलेले वडील पोलादपूरच्या स्टँडवर उभे असायचे आणि ती त्यांना विचारायची, जेवलाव का. ते मेलेत ह्याचं तिला तिथं नवल वाटत नसे. भीती वाटायची ती भलत्याच गोष्टीची. गाडी सुटतेय आणि पिशवीचं तोंड काही केल्या बांधता येत नाही, एवढ्यानंच ती घामाघूम होऊन उठायची. आणि स्वप्न सुरू कधी झालं हे तिला कधीच सांगता येत नसे. ती आधीपासून तिथं असायचीच.

मग त्यानं सगळं फाडून नव्यानं लिहिलं. म्हातारा सकाळी उठतो. चूळ भरतो, चहा मागतो. बायको ऐकत नाही. कामात असेल म्हणून तो अंगणात येतो, शेजाऱ्याला हाक मारतो. शेजारी कोयत्याला धार लावत असतो, तो मान वर करत नाही. म्हातारा दुकानात जातो, दुकानदार त्याच्या मागच्याला माल देतो. कोणी त्याच्यावर चिडलेलं नाही, कोणी काही बोलत नाही, नेहमीची सकाळ आहे. फक्त त्याला ओ कोणी देत नाही. परत येतो तर अंगणात तिरडी बांधून ठेवलेली. कोणाची म्हणून विचारतो, उत्तर नाही. मग तो एका टोकाला उचलायला जातो. एक टोक वर येतं, तीन जमिनीलाच राहतात. तो ह्या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत राहतो. तिथं त्यानं ते वाक्य म्हणायचं, असा सहदेवचा बेत होता. ते वाक्य त्यानं कागदावर घातलं नाही, प्रयोगातच विंगेतून सांगायचं ठरवलं.

दिवे आणणारा रितेश, भिकूचा पुतण्या, मुंबईत मालिकांच्या सेटवर लाइटचं काम करायचा. तो म्हणाला, काका, निळा मारू, नायतर पब्लिकला समजणार कसं, ड्रीम सीक्वेन्स आहे म्हणून. सहदेवनं त्याला साफ सांगितलं की निळा नाही, धूर नाही, पेटी नाही. तोच पिवळा दिवा तसाच ठेवायचा. जागं होण्याचा प्रवेशही त्यानं काढून टाकला. लोकांना स्वप्न आहे हे कळताच कामा नये, नाहीतर ते उठतात. भिकूला एवढंच सांगितलं की दुसऱ्या अंकात तुमचं रडण्याचं मोठं काम आहे, एकट्याचं. भिकू खूश झाला.

पूजेच्या दिवशी नाटक दिवेलागणीलाच सुरू केलं, कारण दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. देवीची पालखी बसते त्या सहाणेला लागून रंगमंच बांधला होता. पुढं ताडपत्र्या, डाव्या हाताला बाया, उजव्या हाताला पुरुष, मागं खुर्च्यांवर मुंबईकर. बायांच्या पहिल्या रांगेत ठकूबाई. पहिला अंक नेहमीसारखा दणक्यात झाला. दुसरा सुरू झाला आणि भिकू चूळ भरत आत आला.

सहदेवनं एका गोष्टीचा अंदाज केला नव्हता. भिकूला पुढचं काहीच माहीत नव्हतं. प्रत्येक वाक्याआधी तो थांबायचा, कान विंगेकडे लावायचा, मग जरा उशिरानं, जरा बावरून बोलायचा. इतर नाटकांत ते बावळट दिसायचं. इथं तो स्वप्नात सापडलेल्या माणसासारखाच दिसत होता. शेजाऱ्याला त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ताडपत्रीवरची कुजबुज थांबली. दुकानदारानं त्याच्याकडे पाठ केली तेव्हा वडापाव खायला गेलेली माणसं कागद हातात धरून पुढं सरकली. तिरडीचं एक टोक त्यानं उचललं, गुडघ्यानं दगा दिला, टोक हातून निसटलं. बायांच्या रांगेतून कोणीतरी रडक्या आवाजात म्हटलं, "बिचारा म्हातारा."

बिचारा. विंगेत सहदेवच्या अंगाची लाही झाली. ठकूबाई पदरानं डोळे पुसत होती. त्याच्या आईसाठी जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही ती बाई भिकूसाठी रडत होती. तेव्हा त्याला आपली चूक कळली. ज्याचं स्वप्न, लोक त्याच्या बाजूचे. त्यानं अख्खं गाव नेऊन भिकूच्या कातडीत बसवलं होतं. आता ते वाक्य त्याच्या तोंडी घातलं तरी लोक म्हणणार, बिचाऱ्याला पश्चात्ताप झाला. एवढी वर्षं राखून ठेवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं तोंड मिटलं.

भिकू थांबला. कान विंगेकडे लावून उभा राहिला. काही येईना. त्यानं तिरडीभोवती एक चक्कर मारली, पुन्हा थांबला. सहदेव कनातीच्या फटीतून त्याच्याकडे सरळ बघत होता, बटणाकडे नाही, डोळ्यांकडे. आधी त्याच्या चेहऱ्यावर राग आला, गावकीत यायचा तोच. मग तो राग कुठं ठेवावा हे त्याला कळेना. समोर शेदीडशे माणसं, अंगावर दिवा, पायाशी तिरडी, आणि सांगणारा गप्प.

"सहदेवा," तो म्हणाला. माइकनं ते सगळ्यांना ऐकवलं. "बोल रे. बोलत का नायस?"

सहदेव बोलला नाही. आईला न्यायच्या दिवशी दारोदार हाका मारत तोही असाच उभा होता, आणि भिकूला हे आता उमगत होतं, हे सहदेवला तिथून स्पष्ट दिसत होतं. भिकूनं एकदा तिरडीकडे बघितलं, एकदा विंगेकडे.

"बरा," तो म्हणाला, अगदी साध्या, थकलेल्या आवाजात. "मीच सांगितला व्हता. घरोघर जाऊन सांगितला, सुंदरावैनीला खांदा द्यायाला कोनी जायाचा नाय. मीच. झाला तुझ्या मनासारखा? आता तरी बोल."

आणि मग टाळ्या पडल्या. वाडीत कधी कोणाला पडल्या नव्हत्या अशा. मागचे मुंबईकर खुर्च्यांवरून उठून वाजवत होते, पुरुषांतून शिट्ट्या आल्या, ठकूबाई रडत रडत दोन्ही हातांनी वाजवत होती. काय काम केलंन म्हाताऱ्यानं, म्हणत होते लोक. स्वप्न कुठं सुरू झालं हे सहदेवनं त्यांना कळू दिलं नव्हतं, मग ते संपलं कुठं हे तरी त्यांना कसं कळणार? निळा दिवा नव्हता. तो असता तर निदान विझला तरी असता.

भिकू आधी गांगरला. मग त्यानं टाळ्या ऐकल्या. त्याच्या पाठीला हळूहळू ताठा आला. चेहऱ्यावरचं ते नागडं भय ओसरलं, आणि इतकी वर्षं लोकांना मुजरा केलेल्या नटाचे हात आपोआप जोडले गेले. तो वाकून नमस्कार करायला लागला. खरं बोलून गेला होता आणि त्याच खऱ्याचं बक्षीस घेत होता.

सहदेव जन्मात कधी रंगमंचावर गेला नव्हता. कनात बाजूला सारून तो गेला. त्याच्या पायात स्लिपर होत्या आणि दिव्यानं त्याचे डोळे दिपले. लेखक आला म्हणून लोकांनी टाळ्या आणखी वाढवल्या. तो माइकखाली उभा राहिला आणि त्यांची हौस फिटेपर्यंत थांबला.

"ह्या नाटकात सुंदराबाई कोन नाय," तो म्हणाला. "सुंदराबाई माझी आय. आता यानं बोललान ता मी लिवलेला नाय, मी सांगितलेला पन नाय. मी गप व्हतो. ता यानं आपल्या तोंडानं सांगितलान."

टाळ्या मागून थांबत आल्या, कारण मागच्यांना, मुंबईकरांच्या पोरांना, आधी प्रश्न पडला आणि त्यांनी आपापल्या आईबापांकडे बघितलं. आईबापांनी खाली बघितलं. ठकूबाईचे हात टाळीच्या मधेच राहिले. एका मुलीनं मोठ्यानं विचारलं, कोण सुंदराबाई, आजी, तू गेली होतीस का. तिला कोणी गप्प केलं नाही.

भिकूचे जोडलेले हात तसेच होते. त्यानं ते सोडले, मग कुठं ठेवावे ते न कळून तिरडीच्या बांबूवर ठेवले. खाली बसायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

विंगेतून रितेशनं दबक्या आवाजात विचारलं, पडदा टाकू का. सहदेवनं मागं वळून न बघता सांगितलं, "नको. बसू देत."

म्हणून सगळे बसून राहिले. उठून जाणारा पहिला माणूस व्हायला कोणी तयार नव्हतं. दिवा तोच होता, पिवळा, आणि त्यात माणसांचे चेहरे नीट दिसत होते. सहदेवनं एकेका घराचा चेहरा हुडकून काढला आणि तो खाली जाईपर्यंत बघत राहिला. कोणाला माफ करायचं त्याच्या मनात नव्हतं, भिकूला नाही आणि ह्यांनाही नाही. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं.